बेटावरचा शेवटचा अंक

“टोपी ढिली आहे, भाऊ,” प्रफुल म्हणाला. “तलवार काढली का डोळ्यावर येते.”

“आण इकडे.” श्रावणने नेपोलियनची आडवी काळी टोपी मांडीवर घेतली आणि आतून फडक्याची घडी शिवायला लागला.

वडशाच्या त्या नाटक कंपनीत वीस वर्षं ही टोपी श्रावणच्याच डोक्यावर होती. यंदा गावोगावच्या मंडळांनी सांगितलं, सम्राट तरणा पाहिजे. मालक लच्छूभाऊंनी पोस्टर बदललं आणि श्रावणला प्रॉम्प्टर केलं. श्रावण भांडला नाही. “पोराचा चेहरा चांगला आहे,” एवढंच म्हणाला. “शोभते.”

“मले तर एकबी वाक्य पाठ नाई,” प्रफुल म्हणाला.

“पाठ कोणाले असते बे? मी खड्ड्यातून सांगीन, तू मोठ्यानं बोलजो. डोकं नको लावजो.”

हे खरंच होतं. झाडीपट्टीत रोज वेगळं गाव, तालमीला वेळ नसतो. रंगमंचापुढच्या खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो. तो देईल ते वाक्य नट तोंडात झेलतो आणि फेकतो. अर्थ त्याला मागाहून कळतो.

गाडीत नंदिनीने प्रफुलला कोपराने ढोसलं. ती सम्राज्ञी जोसेफिनचं काम करायची. “म्हाताऱ्यानं एक वाक्य उलटं देल्लं ना, तर भर पब्लिकमधी तुहं हसं होईन. मंग कोणतं मंडळ बोलावते तुले?”

“भाऊ तसा माणूस नाई.”

“राज्य गेलेला माणूस कसा असते, ते तुले काय माहीत? आपलंच नाटक आयक जरा नीट.”

मुलचेऱ्याजवळच्या त्या गावात शंकरपट, बैलांच्या शर्यती, उरकला होता. बैलं परतली तरी माणसं थांबली. पडदा उघडला तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती.

नंदिनी विंगेत जीव मुठीत धरून उभी राहिली. पण श्रावणचं एकही वाक्य चुकलं नाही. प्रफुल अडखळला तिथे त्याने दोनदा दिलं. गरीब घरचा तोफखान्यातला पोरगा लढाया जिंकत गेला. त्याने स्वतःच्या हाताने मुकुट डोक्यावर ठेवला, तेव्हा शिट्ट्या थांबेनात. रशियात कापसाचा बर्फ पडला आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. वॉटर्लूला तो हरला, तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही.

“चुकली मी,” नंदिनी मध्यंतरात श्रावणला म्हणाली. “माफ करजा, भाऊ.”

“काऊन? पोरगं चांगलं करून राह्यलं,” श्रावण हसला.

शेवटच्या अंकाआधी प्रफुलचा आवाज बसला. श्रावणने थर्मासमधून पेलाभर काढा ओतून दिला.

“लय कडू आहे, भाऊ!”

“गपगुमान पी. मीबी हाच पिऊन वीस वर्षं बेटावर मेलो.”

प्रफुल हसला, काढा एका दमात प्यायला आणि श्रावणच्या पाया पडला.

सेंट हेलेना बेट. कैदेतला सम्राट खाटेवर पडला होता. खड्ड्यातून श्रावणची कुजबुज येत होती आणि प्रफुलचा मोकळा झालेला आवाज ती मैदानभर पोचवत होता.

“मुकुट मला कोणी दिला नाही. मी तो उचलला.”

टाळ्या पडल्या.

“पण तो जिवंत माणसाच्या डोक्यावरून उचलला.”

नंदिनीने मान वर केली. हे वाक्य नाटकात नव्हतं. पण पब्लिक हसलं नाही. उलट जास्तच शांत झालं. प्रफुलने खड्ड्याकडे कान लावला. पुढचं वाक्य आलं तसं त्याने झेललं, छातीवर हात ठेवला आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला,

“त्याच माणसाने आत्ता माझ्या काढ्यात विष घातलं.”

पब्लिक उठून टाळ्या वाजवू लागलं. प्रफुलचा हात तसाच छातीवर राहिला. खड्ड्यातून पुढचं वाक्य आलं नाही.