खुर्चीचे हात

‘टाइप करताना दोन्ही हातांना कोपरापासून आधार असावा, खांदे सैल ठेवावेत.’ हाडांच्या डॉक्टरांचा हा सल्ला रुग्णालयाच्या टायपिंगच्या खोलीत सगळ्यात जुन्या असलेल्या मोठ्या बाईंनी सकाळपासून चौथ्यांदा टाइप केला. त्यांची स्वतःची कोपरं तेव्हा अधांतरी होती आणि उजवा खांदा ठणकत होता.

त्या उठल्या आणि थेट व्यवस्थापक साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, आमच्या खुर्च्यांचे हात परत द्या.”

साहेबांनी मान वर केली नाही. “बाई, किती वेळा सांगू? हात काढले म्हणून तर पाचांच्या जागेत सहा टेबलं मावली.”

“टेबलं मावली. आमचं काय?”

“अर्ज करा.”

“तीन केलेत.”

“मग चौथा करा.”

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. आज सकाळी वेणी लेकीने घालून दिली होती, कारण हात डोक्यापर्यंत पोचेना. चौथ्या अर्जाने तो पोचणार नव्हता.

त्या जिना उतरून भांडारात गेल्या. “लेखी काही आणलंय?” असं विचारायला भांडारवाल्याने तोंड उघडलं, पण बाईंचा चेहरा बघून मिटलं. कोपऱ्यातलं पोतं त्याने ओढून दिलं, वर एक पेचकसही ठेवला. पोत्यात खुर्च्यांचे बारा हात होते.

जेवणाच्या सुट्टीत सहाही जणींनी डबे बाजूला ठेवून हात बसवले. खुर्च्या रुंद झाल्या, टेबलाटेबलात अंतर सोडावं लागलं. सरकवता सरकवता शेवटचं टेबल दाराबाहेर, व्हरांड्यात निघालं.

“बाहेर कोण बसणार?” सहाजणींतल्या धाकटीने विचारलं.

बाईंनी आपला संगणक उचलून घ्यायला तिला खुणावलं. मग स्वतःची खुर्ची बाहेर ढकलली.

तीन वाजता साहेब आले. निम्मी वाट अडलेली, दार बंद होईना.

“हे काय चाललंय?”

“टायपिंग,” बाई म्हणाल्या. कोपरं टेकलेली, खांदे खाली आलेले, बोटं भराभर चाललेली.

“लोकांच्या वाटेत? जरा तरी काही...”

तेवढ्यात हातात कागद घेतलेला एक म्हातारा टेबलापाशी थांबला. “बाई, एक्स-रे कुठे काढतात हो?”

बाईंनी कोपर हलवलं नाही. “साहेबांना विचारा, बाबा. ते रिकामेच उभे आहेत.”

साहेबांनी हात लांब करून जिना दाखवला. म्हाताऱ्यामागे आणखी चौघं कागद घेऊन उभी होती. साहेबांना हात खाली घेता येईना.