न थांबायचं वळण

घाटातल्या सगळ्यांत वाईट वळणावर कौतिकनानांचे पाय पेडलवरच थांबले. सायकल डगमगली. त्यांनी कसाबसा एक पाय जमिनीला टेकवला आणि हँडलवर ओणवं होऊन ते तोंडाने श्वास घेऊ लागले.

त्यांची लेक ज्योती पुढे होती. मागचा चेनचा आवाज बंद झालेला तिच्या लक्षात आला. तिने वळून पाहिलं, आपली सायकल रस्त्यातच आडवी टाकली आणि धावत खाली आली.

"नाना, काय व्हयनं?"

"काही नही. दम लागना."

"छातीमा दुखस का?"

नानांनी छातीवर हात ठेवला. उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून छातीत जरा काही हललं की ते आधी कान देऊन ऐकत आणि मग उत्तर देत.

"दुखस नही," ते म्हणाले. "पन भरी उनी." छाती नुसती भरून आली होती.

ज्योती जळगावच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिने त्यांना धरून दरीच्या बाजूच्या दगडी कठड्यावर बसवलं आणि मनगट धरून नाडी पाहू लागली. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली होती ती सपाटीवर. यावलच्या आसपास, केळीच्या बागांमधून दोघं रोज सकाळी फिरत होती, तेवढं पुरेसं होतं. घाटाचा हट्ट नानांचा. ज्या घाटात जन्मभर बस चढवली, तो आता आपल्याला चढू देतो का, ते त्यांना बघायचं होतं. आणि ज्योती हो म्हणून बसली होती. मोबाइलला रेंज नव्हती. पलीकडून रुंद रस्ता झाल्यापासून या जुन्या घाटात गाड्या येईनाशा झाल्या होत्या. सकाळपासून त्यांना गुरं हाकत नेणारा एक पावरा आदिवासी म्हातारा तेवढा भेटला होता.

"हालू नका. लांब श्वास ल्या."

नानांनी श्वास घेतला. ही जागा त्यांना पाठ होती. एसटीचा ड्रायव्हर म्हणून त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता, की या वळणावर गाडी थांबवायची नाही. भरलेली गाडी थांबली की मागे घसरते, आणि मागे दरी. म्हणून लांबूनच हॉर्न, खालचा गियर आणि नजर समोरच्या डांबरावर. दरी म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातली एक पोकळी, चाक तिच्यापासून लांब ठेवायचं, एवढंच. खिडकीशी बसलेल्या बाया मांडीवरच्या पोरांना "ते देख, ते देख" करत काहीतरी दाखवायच्या. नानांनी कधी मान वळवली नाही. त्या काय दाखवतात हे कधी विचारलंही नाही.

हळूहळू छातीतली धडधड उतरली. ज्योतीने मनगट सोडलं नाही, पण तिची बोटं सैल झाली.

मग नानांना तो आवाज आला. आधी वाटलं, आपल्याच कानात काहीतरी होतंय.

"हाऊ आवाज कसाना शे?"

"पानीना," ज्योती म्हणाली. "समोर धबधबा शे ना."

"आठे पानी शे?"

बसल्या जागेवरून ते दरीकडे वळले.

सागाचे शेंडे त्यांच्या पायांच्या खाली होते. समोरच्या काळ्या कड्यावरून पाणी पडत होतं, आणि तळाला पोचायच्या आधीच त्यातलं अर्धंअधिक वाऱ्यावर उडून जात होतं. उडालेल्या पाण्यात ऊन शिरलं होतं. कड्यामागे डोंगर, त्यामागे डोंगर, आणि शेवटचा कुठे संपतो नि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. दुसऱ्या अंगाला, दरीच्या तोंडातून खालचा सगळा मुलूख उघडा पडला होता. बागांचे हिरवे तुकडे, आणि फार लांब तापीची रेघ.

नानांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"इतलं बठ्ठं आठेच व्हतं?"

"आठेच व्हतं, नाना."

"कितला लोकेसले लई गवू मी आठून," ते म्हणाले. "त्या बठ्ठास्नी दखं व्हई." सगळ्यांनी पाहिलं, तेवढे आपणच राहिलो, म्हणून त्यांना हसू आलं.

"आते फिरूत का माघारे?" ज्योतीने विचारलं.

"थांब जराखी."

दरीच्या तळातून एक गरुड वर येत होता. पंख न हलवता, तापू लागलेल्या हवेवर गोल गोल फिरत. नानांनी शेतात उभं राहून गरुड पुष्कळ पाहिले होते, पण सगळे खालून. आज त्यांना त्याची पाठ दिसत होती, तपकिरी, उन्हात चमकणारी. झाडांवरून सरकणारी त्याची सावलीसुद्धा दिसत होती. दर फेऱ्याला तो मोठा होत गेला. मग तो कठड्याच्या उंचीला आला आणि इतक्या जवळून वळला, की त्याचा पिवळा डोळा दिसला आणि पंखांतून जाणाऱ्या वाऱ्याची सळसळ दोघांना ऐकू आली.

कौतिकनाना हळूच उठले, आणि घाट चढणाऱ्या गाडीला द्यावी तशी एका अंगाला सरकून त्यांनी त्याला साइड दिली.