साधा खोकला

"खोकला मी सांगितलाच नाही," तहियामावशी म्हणाली आणि गरम ताअमियाचा, वाटल्या डाळीच्या वड्याचा, तुकडा मोडून तोंडात टाकला.

मायसा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ती विद्यापीठातून धावतपळत आली होती, धाप अजून बसली नव्हती. ट्रामच्या थांब्यावर समुद्राचा बोचरा वारा सुटला होता. तिनं स्वेटर काढून कमरेला बांधला.

"मग काय सांगितलंत?"

"छातीत धडधडतं म्हटलं. केस गळतात, हात कापतात. डॉक्टर बिचारा भला माणूस. रक्त तपासून घ्या म्हणाला."

"मावशी, आपलं ठरलं काय होतं?"

"आठवडाभर कोरडा खोकला, ताप नाही," मावशीनं धडा म्हणून दाखवला. "पाठ आहे गं. पण तुझा तो खोकला फार बेचव. त्यात करून दाखवायला काही नाहीच."

मायसा अलेक्झांड्रियात अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या प्रबंधाचा प्रश्न सरळ होता: साध्या खोकल्याला डॉक्टर नको ती औषधं किती लिहितात, आणि त्यात समुद्राकडच्या श्रीमंत वस्तीतले पुढे की करमूझच्या गरीब वस्तीतले? त्यासाठी एकच रोगी, एकच खोकला आणि तेच शब्द प्रत्येक दवाखान्यात पोचायला हवे होते. हिवाळ्यात कधीतरी असा खोटा रोगी येईल, याला डॉक्टरांनी आधीच होकार दिला होता.

तो रोगी म्हणजे मायसाच्या गल्लीतली तहियामावशी. तिची उभी हयात नाटक कंपनीत गेली होती. कंपनी बंद पडली तेव्हापासून ती घरी बसून होती. सुरुवातीच्या दवाखान्यांत तर तिनं असा खोकला काढला की रांगेतल्या बायांनी तिला पुढं जाऊ दिलं. आणि आता हे.

"ही माझी पदवी आहे, मावशी! दुखणं बदललं की तुलना संपली. सगळं कचऱ्यात!" मायसाच्या हातातली पिशवी रागानं थरथरत होती.

"बरं बाई प्रोफेसरीणबाई, पुढच्या वेळी खोकते. पण तू जरा झोपत जा गं रात्रीची."

"परीक्षा झाल्यावर झोपेन. विषय बदलू नका."

पुढच्या वेळीही मावशी खोकली नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही.

"काढून टाक तिला," हातिम म्हणाला. तो मायसाचा प्रबंधातला जोडीदार. दोघं कॉलेजच्या दारातल्या टपरीवर कोशरी, म्हणजे मसूर घातलेला भात, खात होते. स्वतःची वाटी संपवून मायसानं त्याच्या वाटीत चमचा घातला.

"खा, खा. नाहीतरी लग्न ठरल्यापासून तू माझंच खातेस. जातं कुठं ते?"

"गप रे. आई खूश आहे. पोशाख छान बसतोय म्हणते."

हातिम हसला. मग चमचा खाली ठेवून जरा गंभीर झाला. "मायसा, एक सांगू? ती नाटक करतच नसेल तर?"

"म्हणजे?"

"एकटी बाई. डॉक्टरला द्यायला पैसे कुठले तिच्याकडं? आपण तिला एकामागून एक डॉक्टर फुकट दाखवतोय. समज, हे सगळं तिला खरंच होत असेल तर?"

मायसानं त्याची वाटी परत सरकवली. भर थांब्यावर आपण त्या बाईवर ओरडलो, हे आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तिथून थेट मावशीच्या दारात गेली.

"मावशी, तुम्ही आजारी आहात का? खरं सांगा."

मावशीनं तिला आत ओढून बसवलं. मग तिनं नजर वळवली. "करमूझमध्ये एक डॉक्टरीण आहे, तिच्याकडं जायचंय. एकटीला भीती वाटते गं. येशील? भाची म्हणून बस माझ्याशेजारी."

"येते ना. म्हणजे आता नाटक नाही?"

"अल्लाची शपथ, आजार खरा आहे."

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. बाकावर बसल्या बसल्या मायसानं मावशीचा हात हातात घेतला. तो कोरडा आणि घट्ट होता. मायसाच्याच तळव्यांना काळजीनं घाम सुटला होता.

डॉक्टरीण पन्नाशीची, कमी बोलणारी होती. मावशीनं सांगायला सुरुवात केली. रात्री डोळा लागत नाही. जिना चढला की काळीज तोंडात येतं. भर थंडीत उकडतं. अन्न पोटात जातं, पण अंगी लागत नाही. चिडचिड तर विचारू नका. "आणि हे बघा," म्हणत तिनं हात पुढं धरले. बोटं वाऱ्यातल्या पानांसारखी हलत होती.

मायसाचे डोळे भरून आले. हे सगळं ही बाई महिनाभर सांगत होती आणि आपण तिला खोकायला सांगत होतो. प्रबंध गेला खड्ड्यात.

"डॉक्टर, माझ्या मावशीला वाचवा," ती म्हणाली. "लागेल ते करू."

डॉक्टरीण खुर्चीवरून उठली आणि टेबलाला वळसा घालून आली. मावशीनं हात खाली घेतले. तिच्या मांडीवर ते अगदी स्थिर होते. डॉक्टरीण तिला ओलांडून पुढं आली, मायसासमोर वाकली आणि दोन्ही हातांची बोटं तिच्या गळ्यावर, थायरॉईडच्या जागी टेकवली.

"आवंढा गिळ."

"मी? अहो, आजारी ह्या आहेत..."

"ह्यांना काय धाड भरलीय? गेल्या आठवड्यात येऊन, आमच्या शेजारची पोर अशी झालीय म्हणत त्यांनी इथं उभं राहून मला तुझी हुबेहूब नक्कल करून दाखवली. मीच म्हटलं, आता नाटक पुरे, काहीही सांगा पण तिलाच घेऊन या."