काजळाची डबी

सकाळी साडेदहाला पोलीस ठाण्यातून फोन आला. दातांचा अहवाल आला होता. थोरलीने यंत्रावरचं शिवण तसंच सोडलं आणि धाकट्या बहिणीला सोबत घेतलं.

बंद खाणीत सापडलेली हाडं एका तरुणाची होती. थोरलीचा मुलगा भांडून घर सोडून गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. तो दत्तक, त्यामुळे आईबापाच्या रक्ताचा डीएनए तपासाला उपयोग नव्हता. पण त्याचे दुधाचे दात तिने बटणांच्या डब्यात जपून ठेवले होते.

"तेच आणून द्या," निरीक्षक म्हणाले होते. "जुळले तर शोध थांबवता येईल."

शोध थांबवता येईल. तेवढंच तिच्या कानात राहिलं.

दात जपायचं वेड दोघी बहिणींना. मुलं एका वयाची, दातही जोडीने पडलेले. धाकटी आपल्या मुलाचे दात काजळाच्या रिकाम्या डबीत ठेवायची आणि त्याची आठवण आली की डबी कानाशी खुळखुळवायची. तो जहाजावर नोकरीला.

"समुद्रात रेंज नसते म्हणे," ती हसून सांगायची. "आईला विसरायला बरं निमित्त मिळालंय."

दात द्यायच्या आदल्या दिवशी थोरली तिच्याकडे गेली. धाकटी चहा टाकायला आत वळली, तेवढ्यात डबीतले दात थोरलीच्या रुमालात आले आणि थोरलीच्या लेकाचे डबीत गेले. खुळखुळ तीच. आता जुळायचा प्रश्नच नव्हता. हाडं कुणाचीही असोत, शोध चालू राहणार होता.

"ताई, हात किती गार पडलेत तुझे," ठाण्याच्या पायऱ्या चढताना धाकटी म्हणाली.

"नाही जुळणार ते दात."

"तोंडात साखर पडो तुझ्या."

निरीक्षकांनी दोघींना बसायला सांगितलं. स्वतः मात्र उभेच राहिले.

"जुळले, बाई. शंकेला जागा नाही. त्याचेच दात आहेत."

धाकटीने थोरलीला पोटाशी धरलं.

"रड, ताई. मोकळी हो. मी आहे ना."

मग डोळे पुसत तिने पर्समधून फोन काढला. "भावाचं त्याला कळवायला हवं," ती म्हणाली आणि तिने आपल्या मुलाचा नंबर लावला.