मोकळं व्हायची जागा

साहेबांनी आज कारकुनाला सगळ्यांसमोर उभं-आडवं झापलं, फाईल अंगावर भिरकावली, तरी हा गडी ‘हो साहेब, हो साहेब’ करत हसतमुख उभा. नुसतं बघूनच शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसाचं डोकं भणभणलं. त्याला तर या ताणापायी रोजच्या गोळ्या लागल्या होत्या.

“एवढं ऐकून घेतोस, तुला त्रास कसा होत नाही रे?”

“होतो की! पण घरी गेलो की सगळं बाहेर काढतो. सकाळी पुन्हा ताजातवाना. चल, येतोस घरी चहाला?”

जिना चढताना वरून मुलांचा दंगा ऐकू येत होता. कारकुनाने दाराला किल्ली लावली आणि घर चिडीचूप झालं. बायकोने खाली मान घालून पाणी आणून ठेवलं. कारकून हातपाय धुवायला आत गेला, तशी धाकटी पडद्याआडून पुढे आली.

“काका, आज साहेब बाबांना ओरडले?”

हिशेबनिसाला खोटं बोलवेना. “हो गं, थोडंसं.”

तिने आतल्या दाराकडे पाहिलं आणि त्याची बाही घट्ट धरली.

“मग आज तुम्ही इथेच झोपा ना.”