न जुळणारे अहवाल

"काही निघालं नाही." डॉक्टरांनी बायॉप्सीचा अहवाल ताईंपुढे सरकवला. "कर्करोगाच्या पेशी नाहीत. सुटलात तुम्ही."

ताईंनी अहवाल वाचला, पण सुटकेचा निःश्वास सोडला नाही. एकवीस वर्षे त्या रुग्णालयाच्या याच विभागात मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे यंत्र चालवीत होत्या. हजारो बायकांना यंत्राच्या दोन पाट्यांत दाबून धरून "हलू नका, झालंच" म्हणणाऱ्या ताई गेल्या आठवड्यात सुईने तुकडे काढून घेताना स्वतःच तिथे अडकल्या होत्या.

"चहा तुमच्याकडून हं," दारातून कारकून म्हणाला. "आणि साखर घालून. मागचा काढा होता."

"थांब जरा. अजून आधणसुद्धा ठेवलेलं नाही."

त्यांनी आपले मॅमोग्राफीचे चित्र पडद्यावर लावले. चिमूटभर मीठ सांडावे तसे बारीक पांढरे कण एकाच जागी दाटले होते. खाली डॉक्टरांचेच मत होते: कर्करोगाची दाट शंका. शेजारी त्यांनी बायॉप्सीचा अहवाल धरला. सुईने काढलेले तुकडे निरोगी. कणांचा उल्लेखच नाही.

"चित्र एक सांगतंय, तुकडे दुसरंच," ताई म्हणाल्या. "तुकड्यांचा फोटो दाखवा."

विभागाचा नियम साधा होता. काढलेले तुकडे आधी क्ष-किरणांखाली धरायचे. त्यांत ते कण दिसले, तरच सुई योग्य जागी पोहोचली असे मानायचे. तोवर बाईला यंत्रातून सोडायचे नाही. ती कितीही कण्हली तरी.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काढला नाही."

"का?"

"तुमचे पाय लटपटत होते, ताई. आपल्याच माणसाला आणखी दहा मिनिटं दाबून धरवेना मला."

कारकून दारातून केव्हाच सटकला होता. ताईंना डॉक्टरांचा राग आला नाही. त्या दिवशी लवकर सुटका झाली म्हणून त्यांनीच तोंडभरून आभार मानले होते, आणि फोटोची आठवण त्यांनाही झाली नव्हती. तेच अधिक बोचले.

त्यांनी उद्याच्या रुग्णांची यादी ओढली आणि सर्वांत वर स्वतःचे नाव लिहिले.

"उद्या पुन्हा सुई. आणि उद्या मी कोणाची ताई नाही," त्या म्हणाल्या. "परक्या बाईला जेवढं दुखवता, तेवढंच मला दुखवा."