स्टिअरिंगच्या आतली डबी

कॉन्रॅडनं स्टिअरिंगमधून लोंबणारी फाटकी एअरबॅग बाजूला सारली आणि आत टॉर्च धरला.

"काय दिसतंय?" तुळशीदासनं विचारलं.

"काका, तुम्हीच बघा. ही पत्र्याची डबी आहे ना, ठोकर बसली की हिच्यात बार उडतो आणि बॅग फुगते. डबी शाबूत राहायला पाहिजे. ही फुटलीय. आणि हिचा एक तुकडा नाहीय."

गाडी सात महिने वाडीतच, फणसाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. मालक म्हणून पोलिसांनी ती तुळशीदासच्याच ताब्यात दिली होती. चैत्रात चिंचोटी नाक्यावर ती एका टेम्पोला मागून जरा लागली. बंपरसुद्धा धड मोडला नाही. पण चालवणारा प्रणव, तुळशीदासचा एकुलता एक मुलगा, गळा कापून जागीच गेला. शेजारी बसलेली त्याची बायको रुचिता, तिला साधं खरचटलंही नाही.

गाडीत कोयता होता. वाडीवाल्यांच्या गाडीत तो असतोच. केळीचा घड असो की पानवेलीचा भारा, कधी काय कापावं लागेल सांगता येत नाही. नवऱ्याला बाहेर काढायला रुचितानं त्याच कोयत्यानं सीटबेल्ट कापला. लोक धावून आले तेव्हा कोयता तिच्या हातात होता आणि तो रक्तानं भरला होता. आदल्या दिवशी दोघांचं वाजलं होतं, हे पोलिसांना सांगायला शेजारी होतेच. आगीत तेल ओतायला माणसांची कधी कमतरता पडत नाही. आरटीओच्या माणसानं ब्रेक बघितले, स्टिअरिंग फिरवून बघितलं आणि गाडीत दोष नाही असं लिहून दिलं. तेव्हापासून रुचिता तुरुंगात होती. सोमवारी तिच्या जामिनाची सुनावणी होती.

कॉन्रॅडचं नायगावला गॅरेज. तो प्रणवच्या वर्गातला. परवा त्याच्याकडे याच मॉडेलची एक जुनी गाडी आली, म्हणून त्यानं कंपनीच्या साइटवरची सर्व्हिस बुलेटिनं धुंडाळली, आणि एक वाचून तो हातातलं काम टाकून इकडे आला होता. खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला.

"यात सगळं लिहिलंय, काका. समुद्राकाठच्या दमट हवेत वर्षं गेली की आतली बाराची दारू खराब होते. मग साधी ठोकर बसली तरी डबी फुटते आणि पत्रा सरळ चालवणाऱ्याच्या गळ्यावर येतो. तो तुकडा उघड्या काचेतून बाहेर गेला असणार, म्हणून कुणाला मिळाला नाही. रुचिताचा काही दोष नाही."

घराच्या मागच्या दारात तुळशीदासची बायको मथुरा उभी होती. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती तिथंच पायरीवर बसली.

"पोरगी माझे पाय धरून रडत होती," ती म्हणाली. "मी तिला कैदाशीण म्हटलं. कोर्टातसुद्धा म्हणणार होते."

"काकी, तुम्हाला तरी काय माहीत?"

"कंपनीनं आधी नाही सांगायचं?"

"सांगितलंय ना. सगळ्या मालकांना पत्रं गेलीत. डबी फुकट बदलून मिळत होती."

"आमची गाडी सेकंडहँड," तुळशीदास म्हणाला. "पत्र पहिल्या मालकाकडे गेलं असणार. बोरिवलीला."

"मग त्यानं कळवायला नको होतं?" मथुराचा आवाज चढला. "ज्यानं ते पत्र दाबलं, त्यानं माझा प्रणव मारला. मी त्याचं तोंड बघणार नाही, मरेपर्यंत!"

तुळशीदास खाली बघत राहिला. कॉन्रॅडनं मोबाइल काढला.

"थांब," तुळशीदास म्हणाला. "आत्ता फोटो नको. उद्या वकिलाला आणू. पंचांसमोर होऊ दे सगळं."

"तेही बरोबर. कोर्टात नुसत्या कागदाला कोण विचारतो? खरा पुरावा ही डबीच. हात नका लावू तिला."

"कुणाला बोललास?"

"कुणालाच नाही. आधी तुमच्याकडेच आलो."

"देवमाणूस आहेस," तुळशीदास म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. कॉन्रॅडला फाटकापर्यंत सोडून तो परत आला.

घरात मथुरा कपाट उघडून रुचितासाठी साडी शोधत होती. इतक्या महिन्यांनी तिला लगबग सुचत होती. "उद्या वकिलाबरोबर मीपण जाते," ती आतून म्हणाली. "तिला सांगते, माझं चुकलं."

"जा," तुळशीदास म्हणाला.

तो माळ्यावर चढला. खताच्या बिलांच्या गठ्ठ्याखालून त्यानं एक लिफाफा काढला. बोरिवलीचा तो भला माणूस गेल्या नाताळात मुद्दाम वाट वाकडी करून आला होता आणि हा लिफाफा तुळशीदासच्या हातात देऊन गेला होता. गाडी पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये अडकली तर लग्नसराईत पानांचे भारे न्यायचे कशातून? प्रणवला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्याच दिवशी गाडी नेली असती. म्हणून तुळशीदासनं त्याला सांगितलंच नव्हतं.

त्यानं लिफाफा चुलीत सारला. मग पाना घेऊन तो फणसाखाली गेला. चार बोल्ट होते, वेळ लागला नाही. वाडीच्या टोकाला असलेल्या बावखलापाशी तो काठावर वाकला आणि आवाज होऊ नये म्हणून त्यानं ती डबी अलगद पाण्यात सोडली.